दोघींच्या मापाचं यंत्र

मंगळवार, ४ ऑक्टोबर

आज माझ्या थोरल्या बहिणीच्या, अदलाच्या मनगटाचा निकाल लागला. हाड जुळलंय, पण फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की दगडी उखळ आणि मुसळ यापुढे बंद. घरी आल्यावर अदलाने पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "संपलं. या घरात आता वाटल्या मटणाचे किब्बे होणार नाहीत."

मी म्हटलं, "वाटायचं यंत्र घेऊ. अख्खं अल-मीना शहर वापरतंय."

"यंत्रातलं मटण वाटलेलं नसतं, नाझिक. घाबरलेलं असतं."

या घराची वाटणी आईच्या मागे आपोआप झाली. स्वयंपाकघर अदलाचं, बाहेरचं सगळं माझं. ती एकसष्टची, मी सत्तावन्नची, आणि चहा सोडला तर मला आजवर शेगडी पेटवावी लागलेली नाही. पण इतकी वर्षं मुलींना भूमिती शिकवली आहे, तेव्हा यंत्राचं माप तरी मी नक्की काढू शकते. ओट्याची खोली मोजली, वरच्या फळीपर्यंतची उंची मोजली. अदला दारात उभी राहून बघत होती.

"घ्यायचंच असेल तर बंदराच्या रस्त्यावर अबू विसामकडून घे," ती म्हणाली. "बरा माणूस आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."


गुरुवार, ६ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर अबू विसामच्या दुकानात गेले. साठीच्या पुढचा, विधुर, जाड मिशा, इस्त्रीचा शर्ट. मी काही विचारायच्या आत त्यानेच विचारलं, "घरी माणसं किती?"

"दोघी."

"मग दोन लिटरचं भांडं पुष्कळ झालं, सित्त नाझिक," तो अदबीने म्हणाला.

मी त्याला सांगितलं की ईदला आमच्याकडे माणसं येतात, उन्हाळ्यात भाऊ मुलाबाळांसकट माँट्रियलहून येतो. (तीन उन्हाळ्यांत आलेला नाही, पण ते दुकानदाराला कशाला सांगायचं?) तो म्हणाला, "ईद दोन. बाकीच्या दिवशी काय करणार?" मला असले उलट प्रश्न आवडत नाहीत. मी सगळ्यात मोठं घेतलं, साडेतीन लिटरचं.

यंत्र पोचवायला तो स्वतःच आला. लिफ्ट बंद होती. प्रत्येक मजल्यावर थांबून खांदा चोळत होता. वर अदलाने दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "खांद्याला जपायचं की नाही?" तिचं निरीक्षण पहिल्यापासून चांगलं. त्याला कॉफी दिली. ती तशी परक्यांना कॉफी विचारत नाही, पण चौथा मजला चढून आलेला माणूस, बरोबरच आहे.


रविवार, ९ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

सकाळी अदलाने तूम, लसूण-तेलाची पांढरी चटणी, करायला घेतली. आम्हा दोघींपुरत्या लसणाच्या पाकळ्या त्या अवाढव्य भांड्यात पडल्या आणि यंत्र सुरू करताच उडून भिंतींना चिकटल्या. खाली पातं रिकामंच गरगरत राहिलं. अदलाने झाकण उघडायचं, चमच्याने लसूण खाली ओढायचा, पुन्हा झाकण लावायचं. फेस काही येईना. शेवटी तेल आणि लसूण वेगवेगळे झाले.

मग किब्ब्यांसाठी मटण आणि बुरगुल, म्हणजे भरडलेला गहू. ते मात्र छान फिरायला लागलं, आणि तेवढ्यात फट्. सगळा अंधार. सरकारी वीज नव्हतीच, जनरेटरवाल्याकडून आम्ही पाच अँपियर घेतो, त्यावर फ्रीज चालू होता, वर हे. जिन्यात जाऊन खटका चढवला, दोन मिनिटांत पुन्हा गेला. खालच्या मजल्यावरून शेजारीण उम्म तारिक ओरडली, "वर काय, गिरणी टाकलीत का?"

अदला हात पुसत म्हणाली, "हे परत कर."

"तुला कुठलंच आवडणार नाही."

"मी बोलते त्यांच्याशी." आणि तिने स्वतः फोन लावला. ही बाई डॉक्टरांची वेळसुद्धा माझ्याकडून घेववते. नंबर तिला पाठ होता. बिलावर वाचला असेल.


बुधवार, १२ ऑक्टोबर

मी शाळेत असताना अबू विसाम मोठं यंत्र घेऊन गेला आणि अगदी लहान ठेवून गेला. एक लिटरसुद्धा नसेल. अदला म्हणाली, पातं कसं बसवायचं ते दाखवायला थोडा थांबला होता.

एवढ्याशा यंत्राला एकच पातं. मोरीत कॉफीच्या चार कपबशा होत्या. पहिली कॉफी गार झाली असावी.


रविवार, १६ ऑक्टोबर

लहान यंत्रात तूम उत्तम झाली. पांढरी, घट्ट, चमचा उभा राहील अशी. किब्बे मात्र मूठ मूठ करत वाटावे लागले. चौथ्या खेपेला मोटर इतकी तापली की जळका वास आला. जेवायला चार वाजले.

मी म्हटलं, हे आपल्याला पुरणार नाही.

अदला कांदा परतत होती, मागे न बघता म्हणाली, "तुला पुरेल."

"आपल्याला, म्हण."

"हो. तेच ते."

तिचं बोलणं हल्ली असं अर्धवट असतं. मनगटाचं दुखणं माणसाला थकवतं. मात्र एक गोष्ट मानली पाहिजे, फिजिओथेरपी ती एक दिवस चुकवत नाही. सोमवार, गुरुवार, ठरल्या वेळेच्या आधीच तयार. ज्या बाईला मी आयुष्यभर दवाखान्यात ओढून नेलं तिच्यात हा बदल बघून बरं वाटतं.


शुक्रवार, २१ ऑक्टोबर

लहान यंत्र पिशवीत घालून मी स्वतःच दुकानात गेले. अबू विसाम मला बघून उठून उभा राहिला.

"सित्त अदलांचं काय म्हणणं?"

"गिऱ्हाईक मी आहे, अबू विसाम."

"अर्थातच." त्याने खुर्ची पुसून दिली. मग म्हणाला, द्राक्षाच्या पानांचं सारण करायचं असेल तर भात त्यात मुळीच फिरवू नका, सित्त अदला हातानेच करतात ते योग्य. हे त्याला कसं माहीत, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बोलण्यात आलं होतं." दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या घरचं सगळं काढून घ्यायची हातोटी असते.

शेवटी मधलं घेतलं, दोन लिटरचं, त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच. तेवढं त्याला कबूल करायची माझी इच्छा नव्हती, पण केलं. तो म्हणाला, "याचं झाकण जरा घट्ट आहे. मी येऊन बघेन."


मंगळवार, २५ ऑक्टोबर

झाकण खरंच घट्ट आहे. पिळून बसवावं लागतं, त्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही, आणि अदलाचा हात तसा पिळत नाही. मी शाळेतून आले तेव्हा अबू विसाम बाहीची बटणं काढून झाकणाच्या खाचेला तेल लावत होता. अदलाने तिचा शेवाळी रंगाचा झगा घातला होता, मामेबहिणीच्या लग्नातला.

"हा आज कशासाठी?"

"बाकीचे धुवायला पडलेत."

मग ती आतून म्हणाली, "खलदून, साखर किती?" अबू विसाम हे नुसतं हाक मारायचं नाव, त्याचं खरं नाव खलदून आहे हे मला आजच कळलं. असं एकेरी नावाने हाक मारणं मला प्रशस्त वाटलं नाही, पण त्याने काही मनावर घेतलेलं दिसलं नाही. उलट साखर नको म्हणाला, आणि तिने आधीच घातली नव्हती.


गुरुवार, २७ ऑक्टोबर

जिन्यात उम्म तारिकने मला मिठी मारली. "मुबारक, नाझिक, मुबारक."

"कशाबद्दल?"

ती थबकली. मग म्हणाली, "म्हणजे... यंत्राबद्दल."

मी सांगितलं की अजून नक्की नाही, झाकणाची तक्रार आहे, कदाचित हेही परत जाईल.

"असं? मला वाटलं ठरलं."

या इमारतीत लोकांना दुसरा उद्योग नाही.


शनिवार, ५ नोव्हेंबर

काय लिहू ते कळत नाही. झालं तसं लिहिते.

सकाळी मी म्हटलं की झाकण उघडत नसेल तर हेही परत करू. अदला म्हणाली, "बस इथे." मी बसले. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, दुखरा खाली, बरा वर.

"खलदूनने मला मागणी घातलीय."

मी विचारलं, कोण खलदून. खरंच विचारलं. मग मला एकेक आठवत गेलं, कपबशा, झगा, पाठ असलेला नंबर, जिन्यातली मिठी. साऱ्या इमारतीला माहीत होतं. अदलानेच सांगितलं, फिजिओथेरपीच्या बाहेरच्या बाकावर ते दोघं उन्हाळाभर शेजारी बसत होते. त्याचा खांदा, हिचं मनगट.

मी म्हटलं, "एकसष्टाव्या वर्षी? लोक हसतील."

"लोकांचं जिन्यात हसून झालंय. आता मुबारक म्हणायला लागलेत." मग हळू आवाजात म्हणाली, "मला तुझी काळजी आहे. म्हणून मी लहान यंत्र ठेवावं म्हणत होते. तू एकटी, तुझ्यापुरतं, चालवायला सोपं. मी तुला शिकवून जाणार होते."

तिने ते प्रेमाने सांगितलं, हे मला आता, लिहिताना दिसतंय. तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे माझ्या एकटेपणाचं माप काढून ठेवलंस तू. एक लिटर."

ती उठून आत गेली.


सोमवार, ७ नोव्हेंबर

ब्रेड आणि चीज. बोललो नाही.


गुरुवार, १० नोव्हेंबर

आज मुद्दाम स्वतः किब्बे करायला घेतले. ती फिजिओथेरपीला गेली होती. मटण, कांदा, भिजवलेला बुरगुल, सगळं एकदम यंत्रात घातलं आणि भरपूर फिरवलं, म्हणजे बारीक होईल. ते गरम झालं, चिकट झालं, बोटांना लुकणासारखं लागायला लागलं. मी भांड्यासमोर उभी असताना ती आली. कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"मटण थंडगार लागतं," ती म्हणाली. "बर्फाचे दोन खडे टाक. आणि सलग नाही, थांबून थांबून. पातं फिरलं की सोड, फिरलं की सोड."

मी बर्फ टाकला. ती आत आली नाही. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून तिने मला सगळं तोंडी सांगितलं, आणि मी केलं. जमले नाहीत, पण खाल्ले. दोघींनी.

झोपायच्या आधी विचार केला, मला ती जाण्याची भीती आहे की जेवणाची? इथे लिहिलं आणि खोडलं. दोन्हीची आहे. आणि तिसरीही एक आहे. या घरात कुणी मला बघायला आलं नाही, तिला आलं, आणि मी इतके दिवस झाकणाबद्दल बोलत होते.


सोमवार, १४ नोव्हेंबर

अदला फिजिओथेरपीला गेली नाही. म्हणाली, हात आता बरा आहे.


बुधवार, १६ नोव्हेंबर

घर पूर्वीसारखं झालंय. शाळेतून आले की टेबलावर ताट, वर पालथं झाकण. काल वांगी, आज मसूर-भात, वर तळलेला कांदा. अदला शांत आहे. फोन वाजत नाही. मला बरं वाटतंय, असं लिहायला हवं. बरं वाटतंयही.

शेवाळी झगा तिने डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवला.


शुक्रवार, १८ नोव्हेंबर

जेवताना मी विचारलं, "अबू विसाम आला नाही बऱ्याच दिवसांत."

"मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. सोमवारीच." तिने माझ्या ताटात लोणच्याचा सलगम वाढला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता झालं ना तुझ्या मनासारखं?"

ती टोमणा मारत नव्हती. मी तिला ओळखते, टोमणा मारताना तिची एक भुवई वर जाते. ती खरंच विचारत होती. एवढं केल्यावर माझं मन भरलं का, अजून काही राहिलंय का.

मी ताट सरकवलं आणि उठले.


शनिवार, १९ नोव्हेंबर

सकाळी मधलं यंत्र पिशवीत घातलं. अदलाने विचारलं, आता कुठे? मी म्हटलं, झाकण घट्ट आहे.

अबू विसाम या खेपेला उठला नाही. दाढी केलेली नव्हती. मी यंत्र काउंटरवर ठेवलं, तो खिन्नपणे खोक्यात भरायला लागला.

"बिल आणलंय का?"

"मला एक सांगा," मी म्हटलं. "तिला तुमच्या घरी नेणार होतात की काय?"

"माझं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, सित्त नाझिक. मी तर म्हटलं होतं, मीच तुमच्याकडे राहायला येतो. त्या म्हणाल्या, नाही, नाझिक सकाळी आंघोळ करून टॉवेल गुंडाळून घरभर हिंडते, तिला परका पुरुष चालणार नाही."

मी इकडेतिकडे बघितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, ते एक बरं.

"आणि ती नाही म्हणाली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हणालो, थांबतो. त्या म्हणाल्या, थांबू नका." त्याने खोक्यावर चिकटपट्टी लावली, वाकडी लागली, पुन्हा काढली. "माझी बायको गेली, मुलगी लग्न होऊन सासरी, सहा वर्षं मी दुकानातच जेवतो. सित्त अदला बाकावर बसून मला सांगायच्या, आज काय शिजवलंय, कसं शिजवलंय. नुसतं ऐकून मला घरी जावंसं वाटायचं."

मी बरंच काही ठरवून गेले होते. त्याच्या तब्येतीबद्दल, मुलांबद्दल, तंबाखूबद्दल विचारणार होते. त्यातलं एकही विचारलं नाही. म्हटलं, "अबू विसाम, मला नीट यंत्र दाखवा. रविवारी आपण पाच जणं. तुम्ही दोघं, मी, तुमची मुलगी, जावई. आणि इतर दिवशी मी एकटी."

त्याचा हात खोक्यावर तसाच राहिला. मग तो आत गेला आणि मागच्या फळीवरून एक खोकं घेऊन आला. धूळ पुसली. त्यात मोठं भांडं होतं, आणि त्याच्या आत बसणारं दुसरं लहान भांडं, त्याचं वेगळं लहान पातं. एकाच मोटरवर दोन्ही. मोटर बेताची, फ्रीज थोडा वेळ बंद ठेवला की पाच अँपियरवर चालेल अशी. झाकण दोन बोटांनी उघडत होतं.

मी ते उघडलं, मिटलं, उघडलं. "हे दुकानात पहिल्यापासून होतं?"

"होतं."

"मग पहिल्या दिवशी का नाही दाखवलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "दाखवलं असतं तर ते तुम्हाला पटलं असतं. मग पुन्हा वर यायला मला कारण काय उरलं असतं?"

मी हसले. किती दिवसांनी हसले. तोही हसला, पण घाबरत घाबरत.

"उचला," मी म्हटलं. "आणि चला. मी काही उचलणार नाही."

लिफ्ट चालू होती, तरी तो जिन्याने निघाला होता. त्याला सुचतच नव्हतं. मीच लिफ्टचं दार धरलं. आमच्या दारासमोर मी घंटी वाजवली, किल्ली पर्समध्ये असून. अदलाने दार उघडलं. अंगात घरातला जुना स्वेटर, केस वर बांधलेले, हातात सोललेला बटाटा. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माप चुकलं होतं," मी म्हटलं. "हे बघ, बरोबर आहे का."

तिने बटाटा दुसऱ्या हातात घेतला. मग त्याला म्हणाली, "ते आधी खाली ठेवा. खांदा."

मी माझ्या खोलीत जाऊन वह्या तपासत बसले. अजून तिथेच आहे. बाहेरून त्यांच्या बोलण्याचा आवाज येतोय, शब्द ऐकू येत नाहीत. काय बोलताहेत ते या वेळी मला कळतं.


शनिवार, ३ डिसेंबर

शेख घरी आले, त्यांनी निकाह लावला. उम्म तारिक सगळ्यांत जास्त रडली. मी साक्षीदारांना मिठाई वाटत होते, म्हणून रडायचं राहिलं. अदलाने शेवाळी झगाच घातला. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, कुणाला कळलं नाही, मला आणि तिला सोडून.

ती गेल्यावर उगाच दोन कप काढले. एक परत ठेवला.


बुधवार, ७ डिसेंबर

लहान भांड्यात तूम केली. पहिली फुटली. दुसरी बरी झाली. स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ली, शेजारी कुणी नाक मुरडायला नव्हतं. हे इतकं वाईट नाही. संध्याकाळी मात्र वाईट वाटलं.


रविवार, १८ डिसेंबर

पाच जणांसाठी मी किब्बे केले. आदल्या दिवशी मटण बर्फाच्या भांड्यात ठेवलं होतं. फ्रीज बंद केला, मोठं भांडं बसवलं, थांबून थांबून फिरवलं. दिवे गेले नाहीत. खलदून, त्याची मुलगी आणि जावई हातात फळं घेऊन आले. अदलाने कोट काढला आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाली.

"तिकडे कुठे? बस."

"मी फक्त बघते."

"काही बघू नकोस. बस."

ती बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला समजेना. काटे सरळ केले, पुन्हा केले. खलदूनने तिच्यापुढे संत्र सोलून ठेवलं. मी ताट आणलं तेव्हा ती आधी वास घेऊन मग चव घेणार हे मला माहीत होतं. तसंच केलं. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"मीठ थोडं कमी आहे," ती म्हणाली. पण दुसरा घेतला, आणि तिसरा.

निघताना मी त्यांना डबा भरून दिला. बाकीचे खाली उतरले. ती चप्पल घालत दारात रेंगाळली.

"उद्या काय जेवशील तू?"

"बघू. तुझ्याकडे काय आहे?"

"पालक करणार आहे."

"मग मी तुझ्याकडे येते," मी म्हटलं. "शाळेतून सरळ."

"उशीर करू नकोस," ती म्हणाली, आणि कठड्याला चांगला हात धरून जिना उतरायला लागली.